महादेवीअक्कांचं शेवटचं स्थळ

महादेवीअक्का कुणाचंही घर पुढच्या खोलीत बसून पाहत नसत. स्थळ बघायला मंडळी निघाली की अक्का बरोबर असतच, पण पोहे यायच्या आत "जरा हात धुते" म्हणून त्या उठत आणि थेट मागे जात. मोरीपाशी उभ्या राहून त्या घरातल्या सुनेकडे पाणी मागत. तांब्या वरून धरून घटाघट पाणी पीत आणि पिता पिता डोळे चौफेर फिरवीत. परत येऊन बसल्या की मुलाच्या आईशी गोडगोड बोलत, पोहे मागून घेऊन खात आणि रिक्षात बसल्यावर एका शब्दात निकाल लावत. पसंत असेल तर "हौद," म्हणजे हो. नापसंत असेल तर "ब्याड," म्हणजे नको. अक्का अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. मुलगी मराठी असो की तेलुगू, आमच्या बोळातला निकाल कानडीतच लागायचा.

माझंही स्थळ त्यांनीच पाहिलं. कुर्डुवाडीचं घर होतं. मुलगा रेल्वेत, त्याचे वडील रेल्वेत, दारात स्कूटर. माझ्या आईच्या मनातल्या मनात अक्षता टाकून झाल्या होत्या. अक्का मागे जाऊन आल्या, पोहे खाल्ले, वर चहा घेतला आणि स्टेशनच्या वाटेवर आईला म्हणाल्या, "ब्याड."

आई रडकुंडीला आली. "अहो अक्का, का पण?"

"थोरल्या सुनंला पाणी मागितलं. तिनं आधी सासूकडं बघितलं, मग माठाकडं. पाणी द्यायला बी परवानगी लागती त्या घरात. आपली मास्तरीण तितं टिकायची न्हाय."

तेव्हा मी मास्तरीण नव्हते. पण बोळातल्या पोरांना ओळीत बसवून दटावण्याची खोड मला लहानपणापासून, म्हणून अक्कांनी मला नोकरीच्या कितीतरी आधी मास्तरीण करून टाकलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी "हौद" म्हटलेल्या घरात मी पडले. घर दोन बोळ सोडूनच होतं, त्यामुळे नवऱ्याशी बिनसलं की मी तडक अक्कांकडे तक्रार घेऊन जायची. त्या हात झटकत. "मी घर बघितलं व्हतं की. नवरा तू बघायचा व्हतास."

त्यांच्याकडे या विषयावरची वचनं भरपूर होती आणि त्या ती शेंगा भाजता भाजता, चटणी कुटता कुटता सोडत. "पुढच्या खोलीत माणसं बसत्यात, घर मागं ऱ्हातंय." "सासू लई गोड बोलली की सुनंचं तोंड बघायचं." आणि माझं सगळ्यात आवडतं, "राणीसारखी ठेवू म्हणणाऱ्याच्या घरात मोलकरीण नसतीय." हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी त्यांचं स्थळ पुढच्या खोलीत बसून ठरवलं होतं. चादरींचं दुकान होतं, लोड-तक्के होते. मागच्या खोलीत मात्र सासू भाकऱ्या मोजून वाढायची. हे त्या मला एकदाच बोलल्या आणि लगेच शेजारच्या बाईनं कचरा कुठं टाकला यावरून भांडायला बाहेर गेल्या.

भांडण हा अक्कांचा श्वास होता. भाजीवाला, दूधवाला, पाणी सोडणारा महापालिकेचा माणूस, सगळ्यांशी त्यांची रोजची बोलाचाली. त्यात राग फारसा नसे. समोरचाही ते जाणून असे. अक्का भांडल्या नाहीत तर आमच्या भाजीवाल्या सलीमला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

म्हणूनच त्या आजारी आहेत हे आम्हाला डॉक्टरच्या आधी सलीमनं सांगितलं. "टीचर, अम्माकू क्या हुआ? वांगे किडके निकले तोभी कुच नै बोले." मी धावत गेले, तर अक्का पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी पोट धरून बसलेल्या. घाम आलेला. मी विचारलं तर नुसती मान हलवली. पुढच्या तपासण्यांचा पाढा वाचत नाही. पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, बसवराजला, समोर बसवून सांगितलं की आता इलाज रोगाचा नाही, दुखण्याचा करायचा. त्यासाठी वेगळी जागा असते, तिथली माणसं हेच काम करतात. चौकशी करा.

बसवराज पुण्यात एका कंपनीत आहे. स्वभावानं गरीब गाय. आईला तो अव्वा म्हणतो आणि अव्वापुढे, मामापुढे, साहेबापुढे, कुणापुढेच त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. "शेवटच्या पेशंटची जागा" हे शब्द ऐकून तो डॉक्टरच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून रडला. त्याचा बेत साधा होता. अव्वाला पुण्याला न्यायचं, मोठ्या हॉस्पिटलात ठेवायचं, काय लागेल ते करायचं. त्याच्या मामानं, म्हणजे अक्कांच्या धाकट्या भावानं, शिवलिंगप्पांनी तर निक्षून सांगितलं, "आश्रमात बिश्रमात ठेवलास तर लोक तोंडात शेण घालतील. मुलगा असून आईला मरायला बाहेर टाकलं म्हणतील."

अक्का हे सगळं पलंगावरून ऐकत होत्या. त्यांचं दुखणं तेव्हा एवढं होतं की वाक्य पुरं करायला त्यांना दम घ्यावा लागे. तरी त्या बोलल्या. "बसू, नाकात नळ्या घालून मला काचंच्या खोलीत ठेवणार. तू बाहेर बसणार, मी आत. कुणाच्या उपयोगाचं ते? डॉक्टर म्हणाला ती जागा बघू या." मग माझ्याकडे वळल्या. "मास्तरीण, रिक्षा सांग. सगळ्या गावाच्या पोरींची स्थळं बघितली. आता माझं मी बघते."

बसवराजनं त्याच्या परीनं चौकशी केली होती. शहराच्या नव्या भागात एक चकचकीत जागा होती. मोबाईलवर तिला पाच तारे. मी ते अक्कांना कौतुकानं दाखवले. त्यांनी चष्मा वर करून तारे पाहिले.

"हे कोण देतंय?"

"जे लोक तिथं राहून आले ते."

"राहून आले? तितनं घरी कोण येत न्हाय म्हणून तर ती जागा. मग तारे दिले कुणी?"

"नातेवाईक देतात, अक्का."

"नातेवाईकाला काय दुखत व्हतं?"

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. आम्ही गेलो तेव्हा मात्र बसवराजनं आधी फोन करून ठेवला होता, आणि अक्कांच्या दृष्टीनं तिथंच सगळं बिघडलं. दारात टाय लावलेला व्यवस्थापक उभा. संगमरवरी फरशी, कोपऱ्यात कृत्रिम धबधबा, गार हवा. चहा आला, बिस्किटं आली. अक्का मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "पोहे तेवढे ऱ्हायले." व्यवस्थापक फार गोड बोलत होता. "आजी, आम्ही तुम्हाला अगदी राणीसारखं ठेवू." मी अक्कांकडे पाहिलं आणि ओठ चावून हसू आवरलं.

"जरा हात धुते," म्हणून अक्का उठल्या. मी त्यांना धरून नेलं. व्यवस्थापक लगबगीनं "इकडं इकडं" करत पाहुण्यांच्या बाथरूमकडे नेऊ लागला. अक्कांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही आणि पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरल्या. आत एक वाळलेली बाई एका कुशीवर पडली होती. खोली स्वच्छ. चादर पांढरीशुभ्र. उशाशी भिंतीवर बेल होती आणि तिची बटणाची वायर गुंडाळून वरच्या खिळ्याला नीट बांधून ठेवली होती. निजलेल्या माणसाचा हात तिथं पोचणं शक्य नव्हतं. अक्का त्या वायरीकडे बघत राहिल्या.

"ही कुणी बांधली?"

"अहो आजी, पेशंट उगीच सारखं दाबत राहतात," व्यवस्थापक हसत म्हणाला. जणू घरातल्या लहान मुलाच्या खोडीबद्दल सांगत होता.

तरी अक्कांनी एक प्रश्न विचारलाच. अक्का लिंगायत, त्यांच्या गळ्यात कापडात बांधलेलं इष्टलिंग असे. रोज सकाळी अंघोळ करून ते तळहातावर घेऊन त्या पूजा करत, ताप असो की परगाव असो. ती पूजा इथं करता येईल का? व्यवस्थापक म्हणाला की सकाळी राउंड असतो, संसर्गाचे नियम असतात, गळ्यातलं सगळं दाखल होतानाच घरच्यांच्या ताब्यात द्यावं लागतं, तुमच्याच सेफ्टीसाठी. अक्कांनी लिंगावर हात ठेवला. "बाळा, हे माझ्याबरोबर खाली मातीत जायचंय. ताब्यात कुणाच्या देऊ?"

रिक्षात त्यांनी निकाल सांगायचीही गरज नव्हती. पण सांगितला. आणि मग मागं टेकून डोळे मिटले. त्या बाईला पाणी हवं होतं का, हे विचारायचं राहून गेलं म्हणून स्वतःशीच चरफडल्या.

दुसरी जागा अक्कलकोट रस्त्याला, शहर संपतं तिथं होती. एक छोटा ट्रस्ट ती चालवत असे. बैठं बांधकाम, वर पत्रा, पत्र्यावर पांढरा चुना मारलेला, दारात लिंबाची झाडं. या खेपेला फोन नाही, काही नाही. भर दुपारी, सोलापूरचं ऊन माणसाला भाजून काढत असतं तेव्हा, आम्ही जाऊन धडकलो. अक्कांचं म्हणणं, या वेळेला कुणाचंच घर पावडर लावून बसलेलं नसतं. मागच्या बाजूनं आत शिरलो. स्वयंपाकघराच्या पायरीवर एक बाई लसूण सोलत होती. अक्कांनी पाणी मागितलं. ती उठली, अक्कांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आजी, गिळताना अडकतंय का? चमच्यानं देऊ?" मला वाटलं, झालं, जमलं.

आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून हसण्याचा मोठा आवाज आला. एकदा, दोनदा. बायकांचं खिदळणं. अक्कांचा चेहरा बदलला. त्यांनी दारातून डोकावलं. खाटेवर एक म्हातारा पडलेला, गळ्याला पट्टी, आणि त्याच्याशेजारी दोन नर्सबाया पत्ते घेऊन हसून लोटपोट. अक्कांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि मागे फिरल्या.

"ब्याड."

"अक्का, अहो, जरा भेटून तरी..."

"मरणाऱ्या माणसाच्या उशाशी दात काढत्यात. ब्याड म्हणलं ना?"

माझ्या मनात आलं की संपलं. आता पुणं, काचेची खोली आणि नळ्या. पुढचे दिवस फार वाईट गेले. अक्का भिंतीकडे तोंड करून पडत. वेदनेची कळ आली की पदराचा बोळा तोंडात धरत, कारण सून रश्मी शेजारच्या खोलीत होती. रश्मी चांगली पोरगी, पण घाबरून गेलेली. दर तासाला "आत्या, काही हवंय का" विचारायची आणि अक्का मानेनं नाही म्हणायच्या. बसवराजनं पुण्याच्या गाडीची व्यवस्था करायला घेतली. शिवलिंगप्पामामा खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होते.

मग एका सकाळी मी गेले, तर अक्का उठून बसल्या होत्या. "मास्तरीण, माझं चुकलं असंल," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे दचकले. "त्या हसण्यात एक घोगरा आवाज व्हता. पुरुषाचा. पडल्या पडल्या तेच कानात वाजालंय. नर्सा हसत व्हत्या ते मला दिसलं. पण तितं पुरुष एकच व्हता."

"तो पेशंट."

"तेच की. त्याच्यावर हसत नव्हत्या, त्यो हसवत व्हता. गळ्याला भोक पडलेला माणूस हसतोय म्हणजे काय? चल, रिक्षा सांग."

"अक्का, पुण्याची गाडी ठरतीय."

"गाडीवाल्याला चहा पाजून परत लाव."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या तडक त्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी गेल्या. नरसय्या त्याचं नाव. आयुष्यभर मागावर चादरी विणलेला माणूस. घशातून घोगरा, फुटका आवाज यायचा, तरी बोलण्याची हौस दांडगी. "पत्त्यात कोण जिंकतंय?" अक्कांनी विचारलं. "लक्ष्मी सिस्टर चोरी करती," तो म्हणाला. अक्कांनी स्टूल ओढलं आणि त्याची अशी उलटतपासणी सुरू केली की कुठल्याही वराच्या बापाला घाम फुटावा. दुखतं का? दुखायचं, आता कमी हाय. गोळी कधी देतात, मागितल्यावर? नाही, दुखायच्या आधीच, घड्याळ लावून. मध्येच कळ आली तर? बेल वाजवायची. वाजवल्यावर कोण येतं? नरसय्यानं उशाखालची घंटी काढली, देवळातल्या पूजेला असते तसली पितळी, आणि वाजवली. लक्ष्मी सिस्टर हातातलं काम टाकून पळत आल्या. "काय झालं मामा?" "काही नाही, अम्माला दाखवलं," नरसय्या म्हणाला. सिस्टरनं त्याला चापट मारल्यासारखं केलं आणि तिघंही हसली. तिघं म्हणजे अक्का धरून. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

नंतर डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद पाहिले, पोट तपासलं आणि खुर्ची अक्कांच्या जवळ ओढून विचारलं, "अक्का, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"मरणाची न्हाय," अक्का म्हणाल्या. "ओरडायची. सुनंच्या पुढं, पोराच्या पुढं मी गुरासारखी ओरडंन, ह्याची."

डॉक्टरीणबाईंनी मोठी आश्वासनं दिली नाहीत. त्या म्हणाल्या, "दुखणं शंभर टक्के जाईल, असा शब्द मी देत नाही. बहुतेकांचं पुष्कळ कमी होतं. पण तुम्हाला दुखतंय आणि कुणी आलं नाही, असं इथं होणार नाही. हा शब्द देते." पूजेचं विचारलं तर म्हणाल्या, "पाणी किती वाजता तापवून ठेवायचं तेवढं सांगा." अक्कांनी तरीही एक खोट काढलीच. खाटा भिंतीकडे तोंड करून होत्या. "माणसाला दार दिसाय पाहिजे. कोण आलं, कोण गेलं, कळाय नको?" डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथं दोघांना हाक मारली आणि एक खाट फिरवून घेतली. अक्कांनी त्या खाटेवर बसून पाहिलं. दार दिसत होतं. दारातून लिंबाचं झाड दिसत होतं.

"हौद," त्या म्हणाल्या.

आता उरली घरची लढाई. ती अक्कांनी त्याच संध्याकाळी घेतली. मामा आधीच तापलेले होते. "अक्का, जनाची नाही तर मनाची तरी बाळग. बसू तुला बाहेर टाकतोय असं दिसंल लोकांना."

अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. पहिली गोळी डॉक्टरीणबाईंनी तिथंच दिली होती, त्यामुळे आवाजात थोडी धार परत आली होती. "शिवलिंगा, तू तुझ्या तिन्ही पोरी दिल्यास. टाकल्यास का दिल्यास?"

"म्हणजे? दिल्या. चांगली घरं बघून दिल्या."

"कुणी बघितली?"

तिन्ही घरं अक्कांनीच पाहिली होती.

"मग मला बी द्या की. घर बघितलंय मी. चांगलं हाय. मागच्या दारानं दोनदा जाऊन बघितलंय."

बसवराज खाली मान घालून ऐकत होता. त्याला अव्वाचं पटत होतं आणि मामाचीही भीती वाटत होती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "लोक..." एवढंच तो म्हणाला.

"लोकांना दुखत न्हाय, बसू. मला दुखतंय."

मामा चप्पल घालून निघून गेले. बसवराजनं सकाळी बॅग भरली.

तिथं अक्का जितके दिवस राहिल्या, ते मी आनंदाचे दिवस म्हणून आठवते, आणि हे लिहिताना मला अजिबात संकोच वाटत नाही. औषधाचं प्रमाण बसायला थोडे दिवस गेले. गुंगी आली, पोट साफ होईना, त्यावरही औषध निघालं. आणि एके दुपारी मी डबा घेऊन गेले, तर लांबूनच आवाज ऐकू आला. "हिला शेंगाची चटणी म्हणत्यात? सोलापुरात ऱ्हाऊन? लसूण मोजून घातलाय का सोन्यागत?" स्वयंपाकघरातली लसूण सोलणारी बाई पदर खोचून तितक्याच जोरात उत्तर देत होती. मी डबा हातात धरून लिंबाखाली उभी राहिले आणि मला रडू आलं. मोबाईलवर कुणी काय तारे द्यायचे ते देवोत. माझ्यापुरतं त्या जागेचं मोजमाप तिथं झालं.

पुढं तर त्यांनी तिथं दुकानच मांडलं. लक्ष्मी सिस्टरचं लग्न ठरायचं होतं, एवढं कळायचा अवकाश. तिच्या आईला बोलावून घेतलं, माहिती काढली आणि मला हुकूम झाला. "मास्तरीण, तू जा. मागच्या दारानं. पाणी माग." मी आयुष्यभर त्यांचं पाहत आले होते, पण स्वतः कधी केलं नव्हतं. पहिल्या घरात पाणी मागायच्या नादात मी गायीच्या गव्हाणीत पाय घातला. अक्का ते ऐकून इतक्या हसल्या की सिस्टर बीपीचं यंत्र घेऊन आल्या. ते घर ब्याड ठरलं, माझ्या पायामुळे नव्हे. दुसऱ्या घरचं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी दिल्यावर सून काय बोलली?" मी म्हटलं, "बसा म्हणाली. आणि स्वतःच आधी बसली, पाटावर, माझ्या शेजारी." अक्कांनी डोळे मिटले आणि समाधानानं मान डोलावली. लक्ष्मीचा साखरपुडा त्याच अंगणात झाला. नरसय्या तेव्हा नव्हता. अक्कांनी त्याच्या रिकाम्या खाटेवर एक पेढा ठेवायला लावला.

शेवटच्या सकाळी सिस्टरनी पाणी तापवून दिलं, रश्मीनं त्यांचं अंग पुसलं, विभूती लावली. बसून राहण्याइतकी ताकद नव्हती, तर रश्मीच मागं टेकण देऊन बसली आणि अक्कांनी तळहातावर लिंग घेऊन पूजा केली. पूर्वी पदराचा बोळा तोंडात धरून ज्या सुनेपासून दुखणं लपवायच्या, तिच्याच अंगाला टेकून. मग दोन घास ताकभात खाल्ला. बसवराज रजा वाढवून आला होता. त्यानं पंखा जोरात लागतोय म्हणून कमी केला, त्यावरून झाली बाचाबाची. "मला उकडालंय का तुला? अन् हा काय शर्ट घातलास, चोळामोळा? आईला भेटायला येताना इस्त्री करू नये? रश्मी, ह्याला सांभाळतीस कशी तू?" बसवराजनं पंखा परत वाढवला आणि ओशाळं हसला. दुपारी त्यांना झोप लागली. दाराकडे तोंड करून. त्या झोपेतून त्या उठल्या नाहीत. मुलगा एका हाताला होता, सून दुसऱ्या हाताला, आणि कुणाला काहीही ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही झालंच नाही.

लिंगासह, बसवून, त्यांना मातीत ठेवलं. नंतर घरी माणसं भेटायला येत राहिली. पुढची खोली भरलेली. बोळातल्या बायका, दुकानाच्या वेळचे व्यापारी, अक्कलकोटकडचे पाहुणे, सलीमसुद्धा दाराशी उभा. शिवलिंगप्पामामा मधोमध बसले होते. रडून त्यांचे डोळे सुजले होते, त्यांचंही प्रेम होतं बहिणीवर, पण मनातलं त्यांना आवरेना. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "सगळं खरं. पण एवढा मुलगा, सून, घर असून, शेवटी माझ्या अक्काला बाहेर ठेवलंत तुम्ही."

रश्मीनं मान खाली घातली. मी तोंड उघडणार होते, माझा स्वभावच तसा. पण बसवराज उठून उभा राहिला. तोच चुरगळलेला शर्ट त्याच्या अंगात होता.

"मामा," तो म्हणाला, आणि आवाज एवढा खणखणीत की दाराशी उभा असलेला सलीमही सरळ झाला, "माझी अव्वा पूजा करून, ताकभात खाऊन, मला शिव्या घालून गेली. तुमच्या-आमच्यात असं कोण गेलंय, एकाचं नाव सांगा की."